शेवेच्या डब्याखालचा डाएट चार्ट

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, आईबाबा इथे इंदुरात. बाबा ६४ वर्षांचे, निवृत्त. चार वर्षांपासून मधुमेह, मागच्या महिन्यातलं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ८.१, रक्तदाब १५०/९० च्या आसपास. गोळ्या घेतात, पण 'आठवेल तेव्हा'. फिरायला जात नाहीत. ताटात शेव लागतेच, रविवारचे पोहे-जलेबी चुकत नाहीत, आणि वर म्हणतात, "माझं वजन ६२ किलो. ढेरपोट्यांना सांगा हे सगळं." ताईंनी पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं, ते अजून खोक्यातच आहे. आई त्यांच्यासाठी वेगळा बिनतेलाचा स्वयंपाक करून दमली आहे, तिचे गुडघेही दुखतात. फार बोललं की बाबांचं ठरलेलं वाक्य: "अजून किती जगायचंय मला?" आणि ताईंचा प्रश्न एका ओळीचा: "त्यांना पटवू कसं?"

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, २६ वर्षं इंदुरात हेच काम करतेय. तुमच्या बाबांना पटलेलं आहे. चार वर्षं मधुमेह असलेल्या माणसाला साखर वाईट आणि चालणं चांगलं हे ठाऊक नसेल, असं आपल्या गावात तरी होणार नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा अनोळखी माणूससुद्धा 'गुलाबजाम कशाला घेताय' म्हणून विचारतो. तुमची अडचण माहितीची नाहीच. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: "रोज रात्री फोन करून विचारते, आज चाललात का?" म्हणजे रोज रात्री साडेआठला बाबांची तोंडी परीक्षा असते आणि रोज ते नापास होतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन आईकडे दिला असता.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागून शिकले आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका रुग्णालयात होते. माणशी आठ-दहा मिनिटं मिळायची आणि हाताशी छापील चार्टचे गठ्ठे असायचे: बाराशे कॅलरीचा, पंधराशेचा, अठराशेचा. वजन बघायचं, कागद फाडायचा, दोन ओळींखाली लाल रेघ मारायची, पुढचा नंबर. एकदा ओळखीच्या एका काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांना मीच चार्ट दिला होता. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर फळीवर शेवेचा मोठा डबा, आणि त्याच्या तेलाचे डाग फळीला लागू नयेत म्हणून खाली अंथरलेला माझा चार्ट. 'शेव, पापड, लोणचे वर्ज्य' ही ओळ बरोबर डब्याच्या कडेला दिसत होती. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब. काकूंना काही वाटलं नाही. कागद जाड आहे हो चांगला, म्हणाल्या.

त्यानंतर मी चार्ट देणं लगेच थांबवलं असं नाही. उलट घाबरवायला लागले. पायाच्या जखमांचे फोटो दाखवायचे. एका गृहस्थांनी ते फोटो पाहिले, उठले, नमस्कार केला आणि तीन वर्षं फिरकले नाहीत. परत आले तेव्हा उजव्या पायाचा अंगठा नव्हता. माझ्या फोटोंमुळे अंगठा गेला असं मी म्हणणार नाही. पण ती तीन वर्षं ते माझ्याकडेच काय, कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते, आणि दार मी लावून घेतलं होतं. भीती दाखवली की माणूस आजारापासून पळायच्या आधी भीती दाखवणाऱ्यापासून पळतो.

आता मुख्य मुद्दा. बदलावं की नाही, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू बाबांच्या मनात आधीपासून आहेत. एक आवाज म्हणतो, चालायला हवं. दुसरा म्हणतो, जाऊ दे. तुम्ही पहिल्या आवाजाचं वकीलपत्र घेतलंत की त्यांच्याकडे दुसऱ्याचीच बाजू उरते. मग ते ती जोरात मांडतात आणि मांडता मांडता त्यांनाच ती पटत जाते. आपण आपल्या तोंडून जे ऐकतो त्यावर आपला विश्वास बसतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडवण्याच्या कामातून १९८३ मध्ये हे मांडलं, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्याची पद्धत बसवली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात तिला. नाव जड आहे, काम सोपं आहे: बदलाची बाजू समोरच्याच्या तोंडून यायला हवी.

माझ्याकडचं एक उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील गाळून. हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालेले एक काका, बायकोने ओढत आणलेले. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, पोहे बंद करायला सांगणार असाल तर आत्ताच सांगा. फीचे पैसे वाचवून मी कचोरी खाईन."

म्हटलं, "पोहे राहू द्या. तब्येतीसाठी काही करावं असं तुम्हाला शून्य ते दहात किती वाटतं?"

"तीन."

काकूंनी सुस्कारा टाकला. मी विचारलं, "तीन का? शून्य का नाही?"

इथे बहुतेकजण गडबडतात, कारण त्यांची तयारी 'दहा का नाही' या प्रश्नाची असते. काका जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "गणपतीत आरती झाली की सगळे खाली बसतात. मला बसता येतं, उठता येत नाही. गेल्या वर्षी नातवाने हात दिला. सहा वर्षांचा आहे हो तो."

सहा महिन्यांचं काम त्या एका वाक्यावर झालं. साखर, चरबी, किडनी यातलं मी त्या दिवशी काही बोलले नाही. फक्त विचारलं, पुढच्या गणपतीला हात न धरता उठायचं असेल तर कुठून सुरुवात करावीशी वाटते? ते म्हणाले, खुर्चीतून हात न टेकता उठून बघतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाच, संध्याकाळी पाच. चालण्याचं त्यांनी स्वतःहून काढलं, तिसऱ्या भेटीत.

तुमच्या बाबांचं 'गणपतीतलं उठणं' काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हालाही नसेल. ते शोधायचं असेल तर रात्रीचा तो प्रश्न महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जायचा का, कुणाबरोबर जायचे, हल्ली का जात नाही, असलं काही विचारा. मध्ये सल्ला घुसडू नका. मला आजही जीभ चावून बसावं लागतं. माझ्या सख्ख्या भावापुढे तर तेही जमत नाही, त्याची साखर दुसऱ्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे सोपवली आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या आधी तपासल्याशिवाय माझा कुठलाही सल्ला वापरू नका. बाबा ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर जेवण एकदम कमी करणं किंवा उपास धरणं धोक्याचं आहे, साखर खाली घसरते. गोळी 'आठवेल तेव्हा' घेणाऱ्यांना तर जास्तच. चालताना छातीत दाब येतो का, धाप लागते का, तळपायाला चप्पल निसटलेली कळते का, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी झाली, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते मनाने आणू नका.

आणि ते वाक्य, 'अजून किती जगायचंय मला'. बहुतेक वेळा तो विषय बंद करायचा हातखंडा असतो. पण प्रत्येक वेळी नाही. निवृत्तीनंतर झोप उडालेली आहे का, पूर्वी आवडायच्या गोष्टी सुटल्यात का, माणसांत मिसळणं थांबलंय का? दोन-तीनला 'हो' येत असेल तर शेवेचा विषय बाजूला ठेवा आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवा. उदास माणसाला चालायला सांगणं म्हणजे लंगड्याला जिना दाखवणं. मी हे एकदा ओळखू शकले नव्हते, म्हणून आता प्रत्येकाला विचारते.

आता घराकडे येऊ. इंदूरकरांना हे समजावायला सोपं जातं, कारण आपण एक गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहिली आहे. रस्त्यावर कचरा टाकू नका असं आपल्याला लहानपणापासून सांगत होते. कोण ऐकत होतं? मग कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, दारात गाडी यायला लागली, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि २०१७ मध्ये शहराचा देशात पहिला नंबर आला, पुढे वर्षानुवर्षं टिकला. माणसं तीच होती. टाकायची जागा बदलली, गाडीची वेळ ठरली, आणि शेजारी बघतोय ही जाणीव आली. दंडही होता, पण घरात दंड चालत नाही, एवढाच फरक.

म्हणून बाबांना सोडा, फळी बदला. आईला पहिलं सांगा की वेगळा स्वयंपाक बंद. ताटात एकाला फोडणीची भाजी आणि दुसऱ्याला उकडलेली, म्हणजे जेवायला बसल्या बसल्या एकजण आजारी ठरतो. एकच भाजी, दोघांना, तेल बेताचं. 'बेताचं' म्हणजे किती याचा तराजू मी सगळ्यांना देते: तेलाचा पाच लिटरचा डबा उघडला की त्याच दिवशी मार्करने डब्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर दोघांच्या घरात तो साधारण तीन महिने पुरायला हवा. दीड महिन्यात संपला तर कुणाला काही सांगायची गरज उरत नाही, डबाच बोलतो. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे किलोभर पुडी दोघांना शंभर दिवस तरी जायला हवी. आणि शेव, पापड, लोणच्यातलं मीठ त्या पुडीत मोजलेलंच नाही, हे लक्षात असू द्या.

शेव. यावर जरा जास्त बोलते, कारण माळव्यात शेव बंद करा म्हणणारा माणूस इथला नसतो. मूठभर शेव म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, साधारण दीडशे कॅलरी, आणि मीठ वेगळंच. ताटात डबा उपडा करायची सवय असेल तर दोन वेळच्या जेवणात तीन-चार मुठी कुठे जातात ते कळतही नाही. मी शेव बंद करायला सांगत नाही. मोठा डबा टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा आणि टेबलावर लहान वाटी ठेवा, जिरावणाच्या (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या) डबीतला तो चिमुकला चमचा त्यात टाका. हसू नका, या चमच्याने मी डझनभर घरांतली शेव निम्म्यावर आणली आहे. जो माणूस हाताने मूठ भरतो, तो चमच्याने पाच वेळा वाढून घेत नाही, कंटाळतो. बाबांनी डबा खाली काढला तर काढू द्या. आईने डोळे वटारायचे नाहीत.

पोहे-जलेबीचं म्हणाल (आम्ही इंदुरी लोक जिलबी म्हणत नाही, म्हणणारा पुण्याचा), तर पोह्यांवर माझा फारसा राग नाही. आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल तसं बेतानं पडतं. पण पोहे म्हणजे शेवटी भातच. एकटे खाल्ले की साखर चढते. त्याच्यावर मटकीची उसळ, बरोबर शेंगदाणे, कांदा दुप्पट, असं केलं की पोटात थांबतात आणि साखरही जरा सावकाश वर जाते. जेवतानाही तेच: आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, मग पोळी, मग भात. जलेबी रिकाम्या पोटी पहिल्या घासाला नको, शेवटी, आणि एकाऐवजी दोघांत. अर्धी कुणाची, हा वाद आईबाबांना घालू द्या.

बाबांच्या ६२ किलोंबद्दल. यात त्यांची फार चूक नाही, बऱ्याच डॉक्टरांनाही हे उशिरा कळलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून लठ्ठ असू शकतो. म्हणून बाबांना वजनकाट्यावर चढवू नका, शिंप्याची टेप द्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यावर गेलं तर पोटात चरबी साठलेली आहे. हे तुम्ही सांगू नका. तुम्ही सुट्टीत घरी गेलात की आधी स्वतःची मोजा, टेप टेबलावर राहू द्या.

हिशेबी माणसाला तर आकडेच द्यावेत. त्या कचोरीवाल्या काकांना मी साखर मोजायचं यंत्र दिलं आणि म्हटलं, पंधरा दिवस काहीही सोडू नका, फक्त एक दिवसाआड नाश्त्याच्या आधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहा, काय खाल्लं तेही लिहा. पंधरा दिवसांनी वही घेऊन आले, रकाने आखलेले, लाल शाई, निळी शाई. एक पान माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "जलेबीचं कळलं. पण साबुदाणा खिचडीने दगा दिला, मॅडम. एकादशीला जलेबीपेक्षा जास्त!" हे मी दहा वर्षं लोकांना सांगत होते आणि कुणी मानत नव्हतं. त्यांना स्वतः शोध लागला म्हणून त्यांनी तो गल्लीभर सांगितला. बाबांना बोट टोचून घ्यायला नको असेल तर आग्रह धरू नका, हे सगळ्यांना जमतंच असं नाही.

चालण्याबद्दल लोक उगीच कष्टी होतात. पहाटे पाच, ट्रॅकसूट, नेहरू पार्क, हे ज्याला आवडतं त्याला लखलाभ. ज्याला आयुष्यभर आवडलं नाही त्याला ६४ व्या वर्षी का आवडावं? माळव्याची तर रात्र नावाजलेली, शब-ए-माळवा म्हणतात. उन्हाळ्यातसुद्धा सूर्य गेला की वारा सुटतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं मधुमेहाच्या माणसाला फार उपयोगी पडतं, कारण जेवणानंतर साखर वर जात असते त्याच वेळी पायांचे स्नायू ती ओढून घेतात. त्याला 'वॉक' म्हणूच नका. पान खायला जाणं, दूध आणणं, कोपऱ्यावर कोण बसलंय बघून येणं. दोन जेवणांनंतर मिळून रोज वीस-पंचवीस मिनिटं झाली की आठवड्याची दीडशे मिनिटं आपोआप भरतात. सराफ्यात जायचं असेल तर महिन्यातून एकदा जरूर जा. नऊनंतर सोन्याची दुकानं बंद होतात आणि खाण्याची लागतात, तेव्हा गाडी राजवाड्याच्या बऱ्याच अलीकडे लावा आणि पायी जा, पायी या. गराडूची (तळलेल्या कंदाची) एक प्लेट चौघांत.

सोबत मात्र लागते. एकटा माणूस आठ दिवसांत गळतो. बाबांच्या ओळखीचा एखादा जुना सहकारी जवळपास राहत असेल तर त्याला फोन करा. पण 'बाबांना फिरायला न्या' असं सांगू नका. 'काकांना एकटं वाटतं, त्यांच्याबरोबर जाल का' असं बाबांना विचारा, अर्थात काकांना खरोखर एकटं वाटत असेल तरच. खोटं बोलून चालवलेली माणसं खोटं कळल्यावर कायमची बसतात.

गोळ्यांचं थोडक्यात: आठवड्याच्या सात खणांची डबी, चहाच्या साखरेशेजारी ठेवायची. (साखर तिथे असेलच, हे मी धरून चालले आहे.) जेवणाशी जोडायची गोळी कुठली, ते डॉक्टर सांगतील. एवढ्याने बरंचसं विसरणं संपतं.

किती दिवसांत फरक दिसेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात. लंडनमध्ये लोकांवर प्रत्यक्ष पाहणी केली, २०१० मध्ये ती छापून आली, तेव्हा एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच पाहणीत एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही हेही दिसलं. म्हणजे दिवाळीच्या फराळाचे चार दिवस, एखादं लग्न, पुरणपोळी, हे होणारच. 'झालं ना, परत खायला सुरू केलंत ना' असं पाचव्या दिवशी जो बोलून दाखवतो, त्याच्यासमोर बाबा चांगली सवय पुन्हा सुरू करत नाहीत. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनीच करा. दर पंधरा दिवसांनी करून कुणाला पकडायचं नाहीये.

एक गोष्ट तुमच्याबद्दल. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण नोकरी बसून करायची आहे आणि वडिलांना मधुमेह आहे. जीवनशैली बदलून काय साधतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्यासारख्यांसाठीच आहे, ज्यांची साखर अजून सीमेवर आहे किंवा जाऊ शकते. अमेरिकेत २००२ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात थोडं वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यांनी मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये भारतीय लोकांवर तोच प्रयोग केला तेव्हा आकडे २८.५ आणि २६.४ आले. आपल्याकडे फायदा कमी, तरी गोळीच्या बरोबरीचा. तुम्ही स्वतःची उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. एचबीएवनसी ५.७ किंवा त्याच्या वर आलं तर बाबांनाच फोन करून विचारा, "बाबा, मी काय करू?" चार वर्षं ज्याला सगळ्यांनी सांगितलं, त्याला एकदा कुणीतरी विचारू द्या. खरंच आलं तर. नाटक करू नका.

हे एवढं सगळं एकदम करायला जाल तर घरात नवीन भांडण सुरू होईल. पहिल्या महिन्यात फक्त हे: रात्रीचा प्रश्न बंद, वेगळा स्वयंपाक बंद, तेलाच्या डब्यावर तारीख, शेवेच्या वाटीत चमचा. चालण्याचा शब्दही काढायचा नाही. घड्याळ खोक्यात राहू द्या.

आणि मला पुढचं सांगायला तीन गोष्टी लागतील. बाबांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ते काय काय करतात, खाण्याचं सोडून. आणि तिसरी, तुमच्या पत्रात बाबांवर चार परिच्छेद आहेत, आईवर अर्धी ओळ. ती वर्षभर दोन-दोन भाज्या करतेय, उभ्याने. तिचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? तारीख आठवत नसेल तर आज रात्री साडेआठला फोन केल्यावर बाबांना विचारा. त्यांना माहीत असेल कदाचित.